साबणाच्या फुग्याला स्टेनलेस बोल्ट

घर भाड्याने घेताना माणसाने काय काय बघावं? पाणी किती वेळ येतं, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर पडतं, शेजारी कोण आहेत. बडोद्यात हरणीला वरचा मजला घेताना मी हे सगळं बघितलं होतं. घरमालक तेवढे बघायचे राहिले.

ते आणि त्यांची बायको खाली राहत. मी त्यांना काका-काकू म्हणायची. फतेगंजातल्या एका शाळेत मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते, त्यामुळे हट्टी माणसांची आपल्याला सवय आहे असा माझा समज होता. पण सहा वर्षांच्या मुलाला हट्टाचं कारण विचारलं तर ते गप्प बसतं. काका कारण सांगत. पाऊण तास सांगत.

राहायला गेले त्याच दिवशी मी कॅलेंडर लावायला भिंतीत खिळा ठोकत होते. दुसऱ्या ठोक्याला काका दारात हजर.

"काय टांगतेयस?"

"कॅलेंडर."

"वजन किती?"

कॅलेंडरचं वजन माहीत नसलेली बाई त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असावी. त्यांनी ते हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "वजनाचं ठीक आहे. पण दर महिन्याला पान फाडशील तेव्हा ओढ बसेल. वर्षाच्या बारा ओढी." मग खाली जाऊन ड्रिल आणलं, भिंतीत गुल्ला बसवला, त्यात स्क्रू पिळला आणि त्या स्क्रूला स्वतः लोंबकळून पाहिलं. उद्या भूकंप झाला तर ते घर पडेल, पण कॅलेंडर जागेवर राहील.

काका कोयलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात देखभालीच्या तपासणीवर होते. पाइपांचे सांधे नीट आवळलेत का, बोल्ट योग्य जातीचा आहे का, हे पाहून सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण तपासणी काही सुटली नव्हती. शर्टाच्या खिशात लोकांचं पेन असतं, यांच्या खिशात दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक असे. दुकानदार "स्टेनलेस छे काका" म्हणाला की काका चुंबक काढत. चुंबक चिकटलं तर दुकानदाराकडे असं बघत, जणू त्याने दुधात पाणी घातलंय. लग्नाला गेले की नवरानवरीकडे न बघता वरच्या पंख्याचा हुक बघत आणि मग जागा बदलून बसत. आहेर म्हणून स्टेनलेसच्या स्क्रूचा एक डबा देत. काकूंनी त्यात गुपचूप पाकीट सरकवायची पद्धत पाडली होती, म्हणून त्यांना अजून आमंत्रणं येत होती.

काकांचं खरं भांडण मात्र एका शब्दाशी होतं. पाण्यात राहून माशाशी वैर एक वेळ जमेल, पण बडोद्यात राहून 'चालसे' या शब्दाशी वैर कसं धरायचं? इथे नळ गळला तर चालसे, पाहुणे दोन जास्त आले तर चालसे, चहात साखर कमी पडली तरी चालसे. काका लगेच म्हणत, "आज चालसे. उद्या?" एका नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात दिव्यांची कमान उभी केली होती. तिच्या पायाला दोन नट कमी निघाले, तर काका खुर्ची टाकून कमानीखाली बसले. बायका चनियाचोळी घालून पाऊण तास उभ्या, ढोलवाला ढोलावर टेकून उभा, आरती हातात विझायला आलेली. शेवटी कुणीतरी स्कूटरवरून जाऊन नट आणले. त्या वर्षी कमान पडली नाही. मागच्या वर्षीही पडली नव्हती, हे सोसायटीच्या चेअरमननी काकांना ऐकवलं. काका म्हणाले, "हेच तर लोकांना कळत नाही." काय कळत नाही, ते मलाही तेव्हा कळलं नाही.

आता फुग्यांचं सांगते.

आमच्या शाळेत परीक्षेच्या आधी आनंदमेळा असतो. मी तेव्हा तिसऱ्या वर्षी कंत्राटावर होते. प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्यातरी परदेशी बागेत एक माणूस हातात दोन काठ्या घेऊन उभा. काठ्यांच्या टोकांना दोरीचा फास. तो साबणाच्या पाण्यात बुडवून काठ्या फाकवल्या की दोरीतून म्हशीएवढा फुगा निघून तरंगत जातो. मॅडम म्हणाल्या, "हे आपल्याकडे झालं पाहिजे. नव्या ॲडमिशनच्या पत्रकावर फोटो टाकायचाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला कायम करायची फाइल पण त्याच सुमारास ट्रस्टींकडे जातेय." या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. नाही असंही म्हणाल्या नाहीत.

शेजारी पीटीचे सर होते. ते म्हणाले, "एमां शुं बेन! बे लाकडी, एक दोरी, सेलोटेप. चालसे."

मी तिथेच त्यांचं ऐकायला हवं होतं. पण घरी आल्यावर जिन्यात काका भेटले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तुमच्याकडे दोन छोटे हुक असतील का?"

"कशाला?"

"साबणाचे फुगे काढायला."

काका पायरीवर बसले. मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो चार वेळा पाहिला, आणि चारही वेळा फुगा निघायच्या आत थांबवला. फुग्यात त्यांना रस नव्हता. दोरी काठीला जिथे बांधलेली होती तिथे बोट ठेवून म्हणाले, "हा सांधा बघ. गाठ मारून सोडलीय. हे परदेशी लोक!"

त्या संध्याकाळी मला जे शिकायला मिळालं ते असं. काठीच्या टोकात सरळ हुक पिळला तर तो लाकडाच्या रेषांत जातो आणि धरत नाही. आधी बारीक भोक न पाडता पिळला तर काठी चिरते. हुकाला फट असेल तर दोरी निसटते. फट नसेल तर दोरी पीळ घेते, आणि पीळ घेतलेली दोरी उघडत नाही. दोरीच्या मधोमध वजनाला वॉशर लागतो, म्हणजे खालची दोरी ताणून राहते आणि त्रिकोण होतो. तो वॉशर लोखंडी असेल तर साबणाच्या पाण्यात गंजतो आणि पाणी तांबडं होतं.

"काका, मेळा फक्त दोन तासांचा आहे," मी म्हटलं.

"गंज घड्याळ बघत नाही."

काकू आतून कणीक मळता मळता म्हणाल्या, "अहो, पण पाण्याचं काय? नुसत्या साबणाने एवढा मोठा फुगा धरेल का? पाण्याला चिकटपणा लागेल हो."

"पाणी पाण्याचं बघेल," काका म्हणाले. "स्वयंपाकघरातल्या गोष्टी यात आणू नकोस."

काकूंनी कणकेला पाण्याचा हात लावला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना वाक्य कुठे सोडून द्यायचं ते कळत होतं.

पुढचे पाच रविवार मी काकांच्या स्कूटरवर मागे बसून गावातल्या हार्डवेअरच्या दुकानांत काढले. दुकानदार त्यांना लांबून येताना ओळखत. एकाने तर आम्हाला पाहून चहा सांगितला, कारण आता तासाभराची निश्चिंती झाली हे त्याला माहीत होतं.

"बोलो काका, शुं आपुं?"

काकांनी बोल्टचं वर्णन केलं. डोक्याला बंद कडी असलेला, काठीतून आरपार जाणारा, मागून नायलॉनचा नट, म्हणजे हिसक्याने ढिला होणार नाही.

"शेना माटे? दांडिया?"

"फेब्रुवारीत कसले दांडिया! परपोटा माटे."

गुजरातीत परपोटा म्हणजे बुडबुडा. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याच्या हुकाकडे पाहिलं. माणूस संगतीने बिघडतो.

दोरीला पीळ बसू नये म्हणून कडी आणि दोरी यांच्यामध्ये एक गोल फिरणारा जोड हवा होता. तो कुठेच मिळेना. मग काकांना आठवलं, की कुत्र्याच्या साखळीला तसा असतो. आम्ही फतेगंजात प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथला मुलगा फार उत्साही होता.

"कयो डॉग छे, काका? लॅब्राडोर?"

"डॉग नथी."

"तो?"

"दोरी छे."

त्याने सतरा साखळ्या काढून दिल्या. काकांनी प्रत्येक साखळीचा फिरता जोड कानाशी धरून फिरवला आणि आवाजावरून पाच परत केल्या. आम्ही बाहेर पडलो तेव्हा तो मुलगा काउंटरवर हनुवटी टेकून आमच्याकडे बघत होता.

मेळ्याच्या आठ दिवस आधी सहा जोड्या तयार झाल्या. काठ्यांना दोन हात पॉलिश, भोकाच्या तोंडाशी पितळी वॉशर, नट आवळून त्यावर लाल रंगाचा ठिपका. ठिपका म्हणजे तपासलं. काकांनी एक जोडी गच्चीच्या कठड्याला उलटी टांगून दोन दिवस तिला पाण्याने भरलेली कळशी अडकवून ठेवली. कळशी पडली नाही. फुगा कळशीएवढा जड नसतो, हे सांगायचा मला धीर झाला नाही. साबणाच्या पाण्यात ते प्रकरण एकदाही बुडवून पाहिलं नव्हतं, हे मात्र माझ्याही लक्षात आलं नाही. खरं सांगायचं तर त्या काठ्या इतक्या देखण्या झाल्या होत्या, की त्या ओल्या करायला जीव होईना.

मेळ्याच्या दिवशी दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानात कोरडा वारा सुटला होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी बादलीत भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी ओतलं, काठ्या बुडवल्या, वर उचलल्या, फाकवल्या. दोरीचा त्रिकोण असा सुरेख झाला की भूमितीच्या बाईंनी टाळी वाजवावी. त्यात साबणाचा पडदा थरथरला आणि फटकन फुटला.

पुन्हा. फटकन. पुन्हा. फटकन.

मुलांनी गोल केला होता. आईबापांनी फोन वर धरले होते. मॅडम खास फोटोवाला घेऊन आल्या होत्या. काकांनी नट तपासला. दुसरी जोडी घेतली. तिसरी घेतली. सहावी घेतली. सगळीकडे लाल ठिपका जागच्या जागी होता. "काका, फुगा क्यारे आवसे?" फुगा कधी येणार, हे एका मुलीने विचारलं, आणि सगळे आईबाप हसले. ती मुलगी खरोखरच विचारत होती, त्यामुळे जास्त हसले.

मग पीटीचे सर पुढे झाले. त्यांनी दोन प्लॅस्टिकच्या नळ्यांना सेलोटेपने सुतळी चिकटवून आणली होती. त्यांनी ती त्याच बादलीत बुडवून वर उचलली. फटकन.

मला वाटलं, बरं झालं. पण काकांचा चेहरा पाहिला आणि कळलं, की याहून वाईट काही होऊ शकलं नसतं. सर यशस्वी झाले असते तरी चाललं असतं. पण पाच रविवारांचं स्टेनलेस आणि पाच मिनिटांचा सेलोटेप त्या बादलीत सारखेच नापास झाले होते.

मॅडम हसून म्हणाल्या, "इट्स ओके," आणि फोटोवाल्याला भेळेच्या स्टॉलकडे घेऊन गेल्या. मॅडम जेव्हा इंग्रजीत ओके म्हणतात तेव्हा काहीही ओके नसतं, हे आमच्या शाळेत शिपायालाही ठाऊक आहे.

परतताना रिक्षात आम्ही दोघं आणि बारा काठ्या. दामाजीपुऱ्यापर्यंत मी काठ्या मांडीवर सावरत होते. मग म्हणाले, "काका, माझी नोकरी होती ही. मला दोन हुक हवे होते. फक्त दोन हुक. तुमच्या हौसेपायी..." पुढचं मी बोलले नाही, पण जेवढं बोलले तेवढं पुरेसं होतं. काका रस्त्याकडे बघत बसले. दुसऱ्या कुणी त्यांना असं काही म्हटलं असतं तर पाऊण तासाचं उत्तर मिळालं असतं. मला एक शब्द मिळाला नाही.

पुढचे चार दिवस त्यांचा आवाज वर आला नाही. दूधवाल्याची सायकल खडखडत येई, तिच्या चेनगार्डचा स्क्रू ढिला होता, आणि त्याला कुणी काही बोलत नव्हतं. पाचव्या दिवशी मी काकूंना सांगायला खाली गेले, की मी दुसरीकडे जागा बघतेय. काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "बस." मग विचारलं, "तुला त्यांनी सोळा बोल्टांचं कधी सांगितलंय?"

नव्हतं सांगितलं. हा माणूस सगळ्या बोल्टांबद्दल बोलत असे, पण त्या सोळांबद्दल नाही.

कारखान्यात एकदा मोठी दुरुस्ती संपून यंत्रं पुन्हा सुरू करायची होती. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. काका शेवटची फेरी मारत होते. उकळत्या तेलाच्या एका पाइपाच्या सांध्यावर सोळा बोल्ट होते, त्यातल्या चारांच्या डोक्यावर जातीची खूण नव्हती. कदाचित खूण घासली गेली असेल. कदाचित बोल्टच भलते असतील. काकांनी सही केली नाही. साहेब आले, मोठे साहेब आले, फोन आले. प्रत्येक जण हेच म्हणाला, की आजवर काही झालं नाही. काका तिथेच एका उपड्या डब्यावर बसून राहिले. शेवटी दुसऱ्या दिवशी चारही बोल्ट बदलले आणि एक दिवस उशिरा सगळं सुरू झालं. काही झालं नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. काही झालं नाही ना, हेच झालं. काढलेले बोल्ट तपासायला पाठवा म्हणून हे मागे लागले होते. तोवर ते भंगारात गेले. ते खरंच खराब होते का चांगले, कुणाला कळलंच नाही. मग यांना स्टोअरला बसवलं. नऊ वर्षं. माल मोजायचा आणि द्यायचा. मागून आलेले पुढे गेले. ज्यांच्याबरोबर डबा खायचे ते म्हणायचे, उगाच एक दिवस घालवला याने." काकूंनी देठ तोडला. "पाइप फुटला असता तर यांना शाबासकी मिळाली असती. फुटला नाही, म्हणून हे वेडे ठरले."

मी समोरची जुडी ओढून निवडायला घेतली. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "जागा बघायची तर बघ. पण आधी मला ती बादली आणून दे. आणि गच्चीत चल उद्या सकाळी."

त्यांनी फडताळातून एक पुडी काढली. उन्हाळ्यात त्या घरी आइस्क्रीम करत, त्यात घट्टपणासाठी ग्वार गम घालत. ग्वार गम म्हणजे साधा गवारीच्या बियांचा गोंद. तो त्यांनी वाटीत थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवला, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग कोमट पाण्यात सोडला, साबण घातला, चिमूटभर बेकिंग पावडर टाकली आणि झाकून ठेवलं. बोटं त्यात बुडवून वर उचलली तेव्हा बोटांमधून नाजूक तार सुटली. पाकाची असते तशी.

सकाळी सात वाजता हवा थोडी दमट होती आणि वारा पडलेला. काकूंनी पदर खोचला, काकांची एक जोडी उचलली, बुडवली आणि दोन पावलं मागे सरकत हात फाकवले. दोरीतून एक लांबलचक, जांभळट, हिरवट असं काहीतरी निघायला लागलं, आणि निघतच राहिलं. काकू घाबरून म्हणाल्या, "आता काय करू?" मी म्हटलं, "मिटा, काठ्या मिटा!" त्यांनी मिटल्या. आमच्या गच्चीएवढा फुगा सुटला आणि शेजारच्यांच्या टाकीवरून विमानतळाच्या दिशेने निघाला. काकू साठीच्या पुढच्या. तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या.

जिन्याच्या दारात काका होते. कधी आले कोण जाणे. पायात चप्पलही नव्हती. फुगा दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले. मग बादलीजवळ येऊन वाकले.

"किती घातलंस?"

"अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे किती?"

"अंदाजाने म्हणजे अंदाजाने."

एरवी या उत्तरावर केवढं व्याख्यान झालं असतं. काकांनी पाण्यात बोट बुडवलं, तार सुटू दिली, आणि म्हणाले, "पहिल्या दिवशीच सांगत होतीस तू." माफी मागायची त्यांची पद्धत एवढीच. काकूंना ती ओळखू आली असावी, कारण त्या बादली त्यांच्यासमोर ठेवून चहा टाकायला गेल्या.

मी मॅडमच्या हातापाया पडून एक शनिवार मागून घेतला. शेवटच्या तासाला, फोटोवाला नाही, पाहुणे नाहीत. काकू पाणी घेऊन आल्या, काका काठ्या घेऊन आले, आणि सरांनी पुन्हा आपला सेलोटेप आणला. या वेळी सगळ्यांचेच फुगे निघाले. काकांचे निघाले, सरांचेही निघाले, अगदी तेवढेच मोठे. मुलं किंचाळत मैदानभर धावत होती. पंधरा-वीस मिनिटांनी सरांच्या नळीवरचा टेप भिजून सुटला आणि सुतळी बादलीत पडली.

मी चटकन काकांकडे पाहिलं. आता बोलणार, आता बोलायचा हक्कच आहे त्यांचा. सर हसले, खिशातून टेपचं रीळ काढलं, दाताने तुकडा तोडला आणि सुतळी पुन्हा चिकटवली. अर्ध्या मिनिटात त्यांचा पुढचा फुगा हवेत होता. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मुलांना तर काही सुटलं होतं हेही कळलं नाही.

काका त्या नळीकडे बराच वेळ बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "अशाही वस्तू असतात, नाही? सुटलं तर परत लावायचं."

"हो काका."

"तिथे नव्हतं तसं," ते म्हणाले. कुठे, ते मला आता सांगावं लागत नव्हतं. "तिथे एकदाच सुटलं असतं."

"त्या दिवशी तिथे किती माणसं कामावर होती?" मी विचारलं.

त्यांनी नुसत्या आकड्याऐवजी नावं सांगायला सुरुवात केली. एकेकाचं नाव, तो राहायचा कुठे, आता काय करतो. एकाने वाघोडियात दुकान काढलंय, एकाला दोन नाती आहेत, एक दर दिवाळीला शत्रू असल्यासारखा तोंड फिरवतो, पण दिसतो धडधाकट. घंटा झाली, मुलं गेली, बादली रिकामी झाली, तरी ते सांगत होते. पाऊण तास. मी पहिल्यांदाच सगळा ऐकला.

फाइलचं म्हणाल तर ती पास झाली. फुग्यांमुळे झाली असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मॅडमनी नंतर सहज सांगितलं, की ती मेळ्याच्या आधीच पास झाली होती, सांगायचं राहून गेलं. मोठ्या पदावरच्या माणसांचं असं बरंच काही सांगायचं राहून जातं.

लग्न झाल्यावर मी अलकापुरीकडे राहायला गेले. (आहेरात स्क्रूचा डबा मिळाला. पाकीटही होतं.) मधल्या काळात हरणीला जाणं होईना. मग गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी कमाटीबागेत फिरायला गेले, तर हिरवळीवर ही गर्दी. मध्ये काकू. पायात पांढरे बूट, साडीवर स्वेटर, हातात काठ्या. एकेक फुगा असा सोडत होत्या, की चालायला आलेले लोक चालायचे थांबून वर बघत होते. काका त्यांच्या मागे बादली धरून उभे होते. काकू पुढे सरकल्या की तेही सरकायचे, मागे आल्या की मागे यायचे.

एका गृहस्थाने काठ्यांकडे वाकून पाहिलं. पितळी वॉशर, कडीचा बोल्ट, कुत्र्याच्या साखळीचा जोड, सगळं निरखून म्हणाला, "वाह काका! आ तमे बनाव्युं?"

मी कानांत प्राण आणून थांबले. आता हा बिचारा दुपारच्या जेवणापर्यंत सुटत नाही.

"दांडी तो कोई पण बनावे," काका म्हणाले, आणि मानेने पुढे काकूंकडे खूण केली. "पाणी एनुं छे."

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "अहो, बादली सरळ धरा. सांडतेय."